दोन्ही नावे एकाच व्यक्तीची

"मॅडम, या बाई कोण?"

आस्थापना विभागातल्या आबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कॉम्प्युटरचा पडदा डॉक्टरबाईंकडे वळवला. पडद्यावर त्यांच्या माहेरच्या आडनावाची एक संशोधिका होती आणि तिच्या नावाखाली त्यांचेच सहा निबंध.

"मीच ती. लग्नाआधीची."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. या ठोकळ्याला कुठे ठाऊक? तो म्हणतो, तुम्ही दोघी आहात. आणि त्या बाईंना वगळलं तर तुमचे चार निबंध कमी पडतात."

प्राध्यापकपदाची मुलाखत उद्या होती. पुढच्या वर्षी डॉक्टरबाई निवृत्त होणार, म्हणजे ही शेवटचीच संधी. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. आईवडिलांची भांडणं, मुलांची उडालेली झोप, बोलणंच टाकलेल्या मुली, यांच्या अभ्यासात त्यांनी उभी हयात घालवली होती. आणि आता लग्नाआधीच्या नावाशी घोडं अडलं होतं. त्यांना चिडायचाही कंटाळा आला.

"आणखी एक भानगड आहे," आबा आवाज खाली आणून म्हणाले. "नंतरच्या एका निबंधात तुम्ही या बाईंची चांगलीच खरडपट्टी काढलीय. समितीने खूण करून पाठवलंय. म्हणतात, स्वतःला असं कोण बोलतं?"

निबंध तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळू द्यायचं नाही, अशी या धंद्यातली रीत. त्यामुळे स्वतःच्या जुन्या कामाबद्दलही परक्यासारखं लिहावं लागतं. डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, 'सदर संशोधिकेचा निष्कर्ष घाईचा वाटतो. विभक्त आईवडिलांच्या मुलांशी त्या पुरेशा बोललेल्या दिसत नाहीत.' लग्नाआधी, सव्विसाव्या वर्षी, याच संशोधिकेने ठासून मांडलं होतं की आईचं आणि मुलाचं आडनाव वेगळं असल्याने मुलाला काही फरक पडत नाही.

मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि ते लग्न मोडलं. डॉक्टरबाईंनी मोठ्या उत्साहाने माहेरचं आडनाव पुन्हा लावलं. महिनाभरात मुलगी शाळेतून रडत आली. "बाई विचारत होत्या, तुझ्या आईचं नाव वेगळं कसं? तू माझीच आई आहेस ना?" त्याच आठवड्यात त्यांनी सोडलेल्या नवऱ्याचं आडनाव परत घेतलं आणि आजतागायत वागवलं. मुलगी हे सगळं विसरून गेली. त्यांनीही तिला आठवण करून दिली नाही.

"आता काय करायचं, आबा?"

"वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून आणा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत म्हणून. सोबत घटस्फोटाचा कोर्टाचा कागद. पाचच्या आत आणा, मी थांबतो. आणि मॅडम, यापुढे कुठलं तरी एकच नाव ठेवा. सगळे निबंध त्या एकाच नावाखाली जातील. माझ्या डोक्याला ताप नको."

कोर्टाचा कागद मुलीकडे होता. ती तो घेऊन थेट वकिलाच्या खोलीवर आली. वकील आत कुणाशी तरी बोलत होते, बाहेर टायपिस्ट प्रतिज्ञापत्राचा मजकूर बडवत होता. मायलेकी भिंतीकडच्या बाकावर बसल्या.

"तू आज मोकळी कशी?"

"अर्धा दिवस टाकला. माझंही इथेच काम होतं. मी आडनाव बदलतेय, आई. त्याचं लावतेय." मुलीचं लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. "उद्या मूल झालं की घरात दोन-दोन आडनावं नकोत. मुलांचा गोंधळ होतो. तूच तर लिहिलंयस."

घरातल्या कुणी त्यांचा निबंध वाचल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. डॉक्टरबाईंना हसू आलं. मग मात्र फार वाईट वाटलं. जिच्यासाठी ते नाव इतकी वर्षं अंगावर घेतलं, ती ते सहज उतरवून चालली होती. आणि त्या घराशी काडीचाही संबंध नसताना या मात्र त्याच नावाने मागे राहणार होत्या.

"काय गं, रागावलीस?"

"छे! रागवायचं काय त्यात? चांगलंच आहे की."

"पण आई, तू का नाही गं माहेरचं नाव परत लावलंस? बाबांचं कशाला ओढत बसलीस?"

सांगायचं असतं तर हीच वेळ होती. मुलगी कागद चाळत, पाय हलवत, मजेत बसली होती.

"कंटाळा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतके कागद कोण बदलत बसणार?"

"तू पण ना!"

टायपिस्टने मान वर केली. "बाई, पुढे कोणतं नाव चालू ठेवायचं? तेवढं घालायचं राहिलंय."

"आत्ताचंच," मुलगीच म्हणाली. "सवय झालीय तिला."

टायपिस्टची बोटं खाली येणार, इतक्यात डॉक्टरबाई उठून टेबलाशी गेल्या.

"नाही हो. माहेरचं घाला."

"आता?" मुलीने कागद खाली ठेवले. "निवृत्तीला वर्ष राहिलं असताना?"

"वर्ष तर वर्ष. तेवढं तरी लावते."

कागद छापून आला. टायपिस्टने दोन ठिकाणी बोट ठेवलं. "इथे आत्ताच्या नावाची सही, इथे जुन्या नावाची." पहिली सही डॉक्टरबाईंनी न बघता ठोकली. दुसरीला पेन टेकवलं आणि हात थांबला. पूर्वी त्या हे नाव एका दमात, पेन न उचलता लिहायच्या. ते वळण काही केल्या आठवेना. शेवटी त्यांनी एकेक अक्षर सुटं काढलं.

"आई, पाच वाजत आले. आबा थांबलेत ना?"

"झालं, झालं."

टायपिस्टने सहीकडे निरखून पाहिलं. "चालेल. पण उद्या मुलाखतीच्या हजेरीपटावरही अशीच यायला हवी हं, बाई. जुळवून बघतात."

"येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. वकील शिक्का मारेपर्यंत त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढून घेतला आणि आपलं नाव गिरवायला बसल्या.