एक मीटर बाय एक मीटर

अमडापूरच्या पुढं एका गावातल्या शाळेत, आठवीतल्या महामायानं मैदानाच्या कोपऱ्यात एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा मोजली, चार खुंट्या ठोकल्या आणि भोवती दोरी बांधली. परिसंस्था पाहायला जंगलातच जावं लागतं असं काही नाही, असं विज्ञानाच्या प्रेमानंद सरांनी वर्गात सांगितलं होतं. जंगलात जायला शाळेकडे गाडी नव्हती, त्यामुळे हा मुद्दा सगळ्यांनाच पटला.

सरांनी तिच्या वहीत दोन रकाने आखून दिले. डावीकडे निरीक्षण, उजवीकडे अनुमान. "दिसलं ते डावीकडं, वाटलं ते उजवीकडं. यातलं त्यात गेलं तं वही फाडून टाकीन," असा दम दिला. सरांनी आजवर कोणाची वही फाडली नव्हती, पण महामाया दम मनावर घेणाऱ्यांपैकी होती.

दर सोमवारी ती दोरीपाशी उकिडवी बसून मोजायची. हराळी, केना, टाकळ्याची अकरा रोपं. मुंग्या मोजता आल्या नाहीत, तर तसंच लिहिलं. पाचव्या आठवड्यात टाकळ्याच्या पानांखाली तीन हिरव्या अळ्या सापडल्या. टाकळा उत्पादक, अळी भक्षक, धड्यातली अन्नसाखळी तिच्या नाकासमोर पानं कुरतडत होती. सातव्या आठवड्यात अळ्या दिसल्या नाहीत, तीन कोष दिसले. उजव्या रकान्यात तिनं लिहिलं, फुलपाखरं निघतील. मग तिला दुसरं काही सुचेना. जेवताना कोष, वेणी घालताना कोष. शेवटी आई वैतागली, "एवढी काळजी परीक्षेची केली असती तं पहिला नंबर आला असता!"

आठव्या सोमवारी तालुक्याहून साहेब येणार होते. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला कोणता प्रकल्प पाठवायचा, हे त्यांच्या हातात होतं. म्हणून मुख्याध्यापक हिंमतरावांनी रविवारी मैदान चकाचक करून घेतलं.

सोमवारी महामाया घंटेच्या आधीच पळत कोपऱ्यात गेली. चौकोन जागेवर होता. खुंट्या ताठ होत्या, दोरी कोरी करकरीत होती, भोवती पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ होती. आत गवताची काडी नव्हती. नुसती माती, झाडलेली, वर पाणी शिंपडलेली.

शेजारी शाळेचे शिपाई इंद्रभानमामा झाडू घेऊन उभे होते.

"मामा, आतलं सारं कुठी गेलं?"

"गवत व्हय? खुरपून काढलं ना माय. पण तुह्या प्रयोगाले धक्का नाई लागू देला. दोरी कुजली होती, तं मह्या घरची नवी बांधली."

मामांना शाबासकी हवी होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. महामायाला आधी राग आला, मग रडू आलं. इतक्या भल्या माणसावर ओरडता येत नाही, याचा राग आला तो वेगळाच. ती भिंतीकडे तोंड करून पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं डाव्या रकान्यात सगळी नावं ओळीनं लिहिली आणि मुंग्या सोडून प्रत्येकासमोर शून्य मांडलं.

हिंमतरावांनी वही चाळली आणि ते गंभीर झाले. "सातच आठवडे वाच. सात आकडा चांगला असतो."

"वहीत आहे ते ती वाचील," प्रेमानंद सर हळूच म्हणाले. ते ऐकू आलं नाही असं हिंमतरावांनी दाखवलं.

साहेब वर्गात येऊन बसले. महामायानं सात आठवडे वाचले, हिंमतरावांकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं.

"आठवडा आठवा. हराळी शून्य. केना शून्य. टाकळा शून्य. कोष शून्य. मुंग्या चार."

"हे असं अचानक कशामुळे झालं?" साहेबांनी विचारलं.

"ते अनुमानात येते, सर."

"मग अनुमान वाच."

"साहेब येणार होते."

हिंमतराव खिडकीबाहेरचं स्वच्छ मैदान पाहू लागले.

"हे तपासून पाहता येईल?" साहेबांनी विचारलं.

"येईल, सर. पुढचे आठ आठवडे तुम्ही येऊ नका."

साहेबांनी चहा संपवला आणि शेरेबुकात लिहिलं, 'मैदान स्वच्छ आहे. इतके नसले तरी चालेल.' प्रदर्शनासाठी निवड मात्र दुसऱ्या शाळेच्या थर्माकोलच्या लोणार सरोवराची झाली. त्याला निळा ऑइलपेंट दिलेला होता.

इंद्रभानमामा दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. शाळा सुटल्यावर ते दोन्ही हातांत सुकलेला टाकळा घेऊन आले.

"फेकला नवता, भिंतीमागं टाकला होता. मले वाटलं, दोरी म्हंजेच प्रयोग."

दोघं ओट्यावर बसून एकेक पान उलटू लागले. पहिला कोष चेंगरला होता. दुसऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. तिसरा कागदासारखा पातळ होता, एका बाजूनं चिरलेला, आत काहीच नव्हतं.

"हा बी गेला काय वं?" मामांनी घाबरत विचारलं.

महामायानं तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मग वही उघडली. डावीकडे लिहिलं, कोष एक, रिकामा, एका बाजूनं चिरलेला. उजवीकडे लिहिलं, साहेब यायच्या आधी उडून गेलं.