आठ-पंधरा दिवस

टेकडीच्या उतारावर त्या दोघांनी जागा घेतली ती शहरातून दमून आलेल्यांना चार दिवस निवांत राहता यावं म्हणून. खोल्या मात्र आपल्याच हातांनी बांधायच्या, हा नवऱ्याचा हट्ट. पत्र्याच्या दोन लहान खोल्या झाल्या, उभ्याही राहिल्या, आणि त्याला मूठभर मांस चढलं. तिसरी खोली मोठी काढली, वर सिमेंटचा स्लॅब.

"शाळेत याला सरळ रेघ मारता येत नव्हती," सासरे म्हणायचे, "आता भिंती मारतोय!" असं म्हणत स्वतःच घमेलं उचलायचे.

तिचं अर्धं लक्षही बांधकामात नसायचं. दीड वर्षाच्या ठकीच्या पायाला भिंगरी, आणि जिकडेतिकडे खिळे, तारा, पाण्याची उघडी टाकी. दिवसभर तिचे डोळे पोरीला चिकटलेले.

स्लॅब ओतला त्या दुपारी पलीकडच्या वस्तीतल्या मिस्त्रींचा फोन आला. म्हातारे गवंडी होते, अडल्यानडल्याला सल्ला द्यायचे. नवऱ्याचे हात सिमेंटने माखलेले, म्हणून फोन तिनं घेतला.

"ताई, त्यांना सांगा, खालचे टेकू आठ-पंधरा दिवस हलवू नका. थंडी आहे, माल सावकाश धरतो."

तेवढ्यात ठकी टाकीच्या कडेवर ओणवी झाली. ती धावली आणि धावता धावताच ओरडली, "टेकू आठ दिवस ठेवायचेत!"

नवव्या दिवशी सकाळी नवऱ्यानं हातोडा घेतला.

"अजून दोन दिवस जाऊ दे की रे," सासरे म्हणाले.

"बाबा, मिस्त्रींनी आठ सांगितलेत. मी वर एक दिवस फुकट दिलाय."

ठकीला कडेवर घट्ट धरून ती लांब, लिंबाखाली उभी राहिली. पहिला टेकू निघाला. दुसरा निघाला. सासरे आत जाऊन सुटलेले बांबू बाहेर ओढत होते. पोर सुरक्षित होती, म्हणूनच बहुधा तिच्या डोक्यात दुसऱ्या विचाराला जागा झाली. आठ नव्हे. आठ-पंधरा म्हणाले होते ते.

पण आठ-पंधरामध्ये आठ येतातच की. लोक असंच बोलतात. आणि आता सांगितलं तर तो म्हणणार, "तुला तर झाडाचं पान पडलं तरी धास्ती!" कालच म्हणाला होता.

तिसरा टेकू निघाला.

"अरे, थांब!" ती ओरडलीच.

"आता काय झालं?" हातोडा खांद्यावर टाकून, हसत, तो दोन पावलं बाहेर आला.

त्याच्या पाठीमागे छत मधोमध वाकलं आणि खाली आलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, पोतं आपटावं तसा झाला. मग धूळ. धूळ बसली तेव्हा सासऱ्यांची एक चप्पल दिसली, पायासकट.

वस्तीवरची माणसं पहारी घेऊन धावली. पुढे मिस्त्री. तुकडे हटवता हटवता त्यांनी त्या पायाची नाडी पाहिली आणि हळूच हात काढून घेतला.

नवऱ्यानं त्यांचा सदरा धरला. "आठ दिवस म्हणालात तुम्ही! आठ! आज नववा आहे!"

"आठ-पंधरा म्हणालो होतो, बाळा. ताईंना सांगितलं होतं मी."

सगळे तिच्याकडे वळले. नवऱ्याच्या पापण्यांवरसुद्धा सिमेंट बसलं होतं. त्या डोळ्यांत राग नव्हता अजून. तो फक्त विचारत होता.

"काय म्हणाले होते गं?"

ठकी मानेत तोंड खुपसून रडत होती. या घराशिवाय आपल्याला दुसरं घर नाही, या माणसाशिवाय दुसरा माणूस नाही, एवढंच तिला त्या घटकेला लख्ख दिसलं.

"आठ," ती म्हणाली.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. "असेल बाई," ते शेवटी म्हणाले, "म्हातारा झालो. निघालं असेल तोंडातून." आणि सदरा सोडवून घेऊन ते पुन्हा खाली बसले, तुकडे उचलायला.