मधली मोरी

तातेरावांनी लोखंडी बर्गा आडवा पाडला आणि त्याच्या कडेचा कुजका रबर कोयत्याच्या टोकानं सोलायला लागले. दुधना नदीच्या काठावर असे बर्गे रांगेनं पडले होते. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या मोऱ्यांत ते एकावर एक बसवून पाणी अडवायचं. गावात हे काम त्यांचंच.

सत्यशीला वाटूरच्या शाळेतून परस्पर इकडेच आली होती. तिनं भाकरीचं फडकं सोडलं.

“बाबा, हात धुवा आधी.”

“नदीत राबणाऱ्याला मास्तरीणबाई हात धुवायला शिकवून राह्यल्या. ठेचा कुणी केला?”

“मी.”

“मंग बंधारा पुरायचा न्हाई प्यायला.”

ती हसली. त्यांनी ठेच्याला बोट लावून भाकरी खायला घेतली. तेवढ्यात बांधावरून अण्णासाहेब उतरले. पाणी समितीचे ते अध्यक्ष, आणि बंधाऱ्याला लागून त्यांची मोसंबीची बाग.

“तात्या, बाकीच्या मोऱ्या लागल्या. उद्या मधली मोरी बंद कर.”

“मालक, अजून पाण्याला ओढ लई हाय. अन् खालच्या वाडीच्या विहिरी भरल्या न्हाईत. मधली मोरी दरसाली आपण समद्यात शेवटी लावतो, त्यांचं भागल्यावर.”

“वाडीचं वाडी बघंल. तुला भ्या वाटत असंल तर सरळ सांग. दुसरा बघतो.”

तातेरावांनी कोयता मातीत पुसला.

“लावतो,” ते म्हणाले.

सत्यशीलाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. वडिलांनी ठेच्यानं माखलेलं बोट हळूच तिच्या मनगटाला लावलं. अण्णासाहेब गेल्यावर तातेरावांनी दुसरी भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी तिला वर्गातूनच बोलावून नेलं. ती बंधाऱ्यावर पोचली तेव्हा तातेरावांना वाळूत निजवून वर धोतर टाकलं होतं. पाय घसरला, माणसं म्हणाली. तिनं धोतराची कड उचलली. डाव्या पायाची नडगी मोडली होती आणि तिच्यावर गंजाची सरळ तांबडी रेघ होती. तिनं कड पुन्हा नीट बसवली, मग बंधाऱ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

वडिलांबरोबर कामाला असणारा भुजंग दोन दिवसांनी मागच्या दारानं आला. आत येईना.

“ओढीनं पाय मोरीत गेला, अन् त्याच्यावर बर्गा बसला,” तो म्हणाला. “मान वर होती, माय. बोलून राह्यल्ता आमच्याशी. आम्ही बर्गा उचलायला साखळी धरल्ती. अण्णा म्हणले, बर्गा उचलू नका, अडवलेलं समदं पाणी जाईल. दोर आणा, वढून काढू. दोर येईस्तोवर पाणी चढत गेलं.”

“बाबा काय बोलत होते?”

भुजंगनं मान फिरवली.

“उचला म्हणत होता.”

“आणखी कुणाला सांगितलंत?”

“मला पोरं हायेत, माय.”

तिनं मान हलवली. आत आई निजली होती. तिलाही तिनं काही सांगितलं नाही.

जलदान विधीला ओसरी भरली. भन्तेजींचं वंदन संपलं. अण्णासाहेबांनी तातेरावांच्या फोटोला हार घातला आणि ते बोलायला उभे राहिले. सत्यशीला फोटोशेजारी आईला धरून बसली होती.

“तातेराव गावासाठी गेला,” ते म्हणाले. “आज बंधारा भरलाय तो त्याच्यामुळं. आम्ही लई धडपड केली. माणूस वाचावा म्हणून जे करता येईल ते समदं केलं. पण नदीपुढं कुणाचं चालतं?”

माणसांनी माना डोलावल्या. दाराशी बसलेला भुजंग पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होता. सत्यशीलानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग आईचा हात सोडवून ती उठली. त्या घरातून आजवर कुणी अण्णासाहेबांना ‘मालक’ म्हटल्याशिवाय हाक मारली नव्हती.

“अण्णासाहेब, मी आले तेव्हा बाबा वाळूत होते आणि बंधारा काठोकाठ भरलेला होता. तुम्ही एकही बर्गा उचलला नव्हता.”