वेताळाचा गाल

संस्थान विलीन झालं, दरबार गेला, जव्हारच्या हायस्कुलावरची पाटी बदलली. पण इतिहासाच्या तासाला मुलं पेंगायची ती पेंगतच राहिली. भिका महालेला याचा भारी राग यायचा. जवळच्या साखरशेत गावातल्या शेतकऱ्याच्या घरातला हा पहिला मास्तर. "पानिपत कुठं ते पोरांना सांगता येतं, आणि आपलं गाव कधी वसलं ते सांगता येत नाही, असला इतिहास चुलीत घाला," असं तो शिक्षकांच्या खोलीत तावातावाने म्हणायचा. बाकीचे मास्तर सुपारी कातरत ऐकून घ्यायचे.

त्रेपन्न साली ठाण्याहून परिपत्रक आलं, की विषय सुटे सुटे शिकवू नका, एखादं काम हाती घेऊन त्यातून सगळे विषय शिकवा. याला समवाय म्हणायचं. परिपत्रकं येतात आणि फायलीत झोपी जातात, ही चांगली पद्धत आहे. तीन मास्तरांनी या वेळी ते मनावर घेतलं आणि घात झाला. एक भिका, दुसरे चित्रकलेचे आठल्ये, तिसरे गणित आणि विज्ञान शिकवणारे खांबेटे. आठल्ये नाशिकचे, दिलदार माणूस, सदऱ्याला कायम रंग लागलेला. खांबेटे हाडकुळे, दिसेल ते मोजणारे. खोलीतल्या खिडक्यांचीही लांबी-रुंदी त्यांनी वहीत लिहून ठेवली होती.

"बोहाडा घेऊ," भिका म्हणाला.

चैत्रात या मुलखात गावोगावी बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे बांधून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. मुखवट्याला सोंग म्हणतात, आणि एकेक सोंग एकेका घराचं असतं. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. महाल्यांच्या घरी वेताळाचं सोंग. भिकाचा बाप लक्ष्या ते चाळीस वर्षं नाचवत आला होता. आता त्याचे गुडघे बोलायला लागले होते. यंदा पहिला फेर तो स्वतः धरणार आणि मग सगळ्या गावासमोर सोंग उतरवून भिकाच्या तोंडाला बांधणार, असं ठरलं होतं. भिका हायस्कुलात मास्तर झाल्यापासून गाव त्याला अर्धा परका समजायचं. पायात वहाणा, अंगात कोट, बोलणं पुस्तकी. एकदा वेताळ तोंडाला बांधला की कोण परका म्हणेल? त्या दिवसाची तो नव्या नवरदेवासारखी वाट पाहत होता.

मुलांनी मुखवटे घडवायचे तर नमुन्याला जुनं सोंग हवं म्हणून तो माघात घरी गेला. लक्ष्याने आधी हातपाय धुतले. मग माळ्यावरून पेटारा काढला.

"भिक्या, नेतूस तं ने. पन भुईवर ठेवू नको. आन कोनी तोंडाला लावू नको. रंग द्यायच्या दिसाच्या आगुदर माज्या हातात पायजे."

खरवडू नको, असं बाप म्हणाला नव्हता. असं काही कुणाच्या डोक्यात येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढचा महिना शाळेत नुसता आनंद होता, आणि तो खोटा नव्हता हे सांगायलाच हवं. खांबेट्यांनी मुलांकडून वेताळाची मापं घेववली; डोळ्यांतलं अंतर, कपाळाचा उतार, सगळं प्रमाणात कागदावर उतरवलं. आठल्यांनी रद्दी भिजवून, मेथी वाटून घालून लगदा केला आणि मुलांनी कोपरापर्यंत हात बरबटून नवी तोंडं घडवली. भिकाने म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकती मुलांनी वहीत उतरवल्या. पेंगणारी पोरं तास संपला तरी उठेनात.

एके दिवशी आठल्यांना वेताळाच्या कानामागे रंगाचा टवका उडालेला दिसला. त्यांनी भिंग लावलं आणि हाक मारली. टवक्याच्या कडेला रंगाचे थर दिसत होते, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. दर साली बोहाड्याआधी घरचा कर्ता सोंगाला रंगाचा एक हात देतो, त्याचे ते थर.

"म्हणजे थर मोजले की वर्षं कळतील!" खांबेटे म्हणाले.

भिकाच्या अंगावर काटा आला. गावाचा इतिहास, कुठल्याही दप्तरात नसलेला, त्याच्या स्वतःच्या घरात लिहून ठेवला होता! त्याने आठल्यांच्या हातून पातं घेतलं आणि कानामागे नखाएवढी जागा खरवडली. मुलांनी भिंगातून मोजलं. वर बाजारातले तेलरंग, खाली गेरू, काजळी, चुना. सत्याऐंशी थर. एका जागी दोन रंगांच्या मध्ये नुसती धुराची काळी रेघ होती. अठरा साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली तेव्हा एक वर्ष बोहाडा झाला नव्हता, हे भिकाने लहानपणी ऐकलं होतं. हिशेब बरोबर तिथेच लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तिथे थांबला असता तर निभावलं असतं. पण ठाण्याचे साहेब शाळा बघायला येणार होते, आणि कानामागची नखाएवढी जागा काही लांबून दिसेना. भिकाने वेताळाचा डावा गाल निवडला. एकेक काळ वेगळा दिसावा म्हणून डोंगरउतारावरच्या शेतासारख्या पायऱ्या करत तो दोन दिवस खरवडत राहिला, आणि अगदी तळाशी लगदा उघडा पडला. आठल्ये एकदा म्हणाले, "महाले, घरी चालेल ना?"

"दर साली वर रंग चढतोच की," भिका म्हणाला. "तुम्ही एक हात मारून द्या, झालं."

साहेब आले, बघून थक्क झाले. असा समवाय आपण जिल्ह्यात पाहिला नाही, असं त्यांनी शेरेबुकात लिहिलं. हेडमास्तरांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी आठल्यांनी गाल भरून, घासून, रंग जुळवून असा काही केला की भिकालाही जागा ओळखू येईना.

लक्ष्याला ओळखायला डोळे लागलेच नाहीत. रंग द्यायच्या सकाळी अंघोळ करून तो ओटीवर बसला, सोंग मांडीवर घेतलं आणि दर साली करायचा तसा त्याच्यावरून तळवा फिरवला. उजव्या गालावरून फिरला, कपाळावरून फिरला, डाव्या गालावर थांबला. पुन्हा फिरवला. भिका दारात उभा होता.

"आथं माज्या बाचा हात व्हता," लक्ष्या म्हणाला. "त्याच्या खाली आज्याचा. मी रंग देताना त्यांच्या हातावर हात ठेवायचा. कुठं गेला रं त्यो?"

भिकाने सांगितलं. थर, साली, साथीची रेघ, साहेबांचा शेरा, सगळं सांगितलं. बोलता बोलता त्याला स्वतःच्याच आवाजाची किळस यायला लागली. खरवडलेला भुगा शाळेच्या शिपायाने झाडून उकिरड्यावर टाकला होता, तेही त्याने सांगितलं.

"मोजलंस तं," लक्ष्या म्हणाला. "किती भरलं?"

"सत्याऐंशी."

म्हाताऱ्याने मान हलवली. रंगाची वाटी त्याने तशीच बाजूला ठेवली.

अंगाला खोट आलेलं सोंग नाचवायचं नसतं, पाण्यात सोडायचं असतं. लक्ष्या स्वतःच पंचांकडे गेला. भिका मागोमाग गेला. पंचांतला मोठा जिवा, त्याने विचारलं, "कोनाच्या हातून झालं?"

"माज्या," लक्ष्या म्हणाला. "हातातून सुटलं, पडलं."

भिकाने तोंड उघडलं होतं. पण समोर त्याच्या तीन विद्यार्थ्यांचे बाप बसले होते, आणि मास्तरने देव खरवडला ही गोष्ट जव्हारपर्यंत जायला दुपार पुरली असती. त्याने तोंड मिटलं. त्या क्षणाची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली. पंचांनी ठरवलं, की वेताळ आता जिवाच्या घरी जाईल. पुढच्या सालापर्यंत जिवा नवा करून घेईल. चाळीस वर्षं ज्याने पाय झिजवले, त्याला त्यांनी यापुढे सोंग जपायला नालायक ठरवलं. लक्ष्या हात जोडून उठला. बापलेकांनी त्याच संध्याकाळी वेताळ नदीत सोडला. लगदा भिजला तसा तो हळूहळू बसत गेला.

बोहाड्याला भिका आठल्ये आणि खांबेट्यांना घेऊन आला. दोघांनीही येऊ नये असं त्याला वाटत होतं, पण ते बिचारे माफी मागायला म्हणून निघाले होते. आठल्यांनी मुलांनी केलेला वेताळ फडक्यात बांधून आणला होता. लक्ष्याने तो दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळला.

"झ्याक केलाय पोरांनी," तो म्हणाला, आणि परत दिला.

शेवटच्या रात्री सुरू झालेली सोंगं उन्हं वर आली तरी चालली होती. पुकारणारा एकेका घराचं नाव घ्यायचा, संबळ घुमायचा, सोंग यायचं. दर साली नरसिंहानंतर महाल्यांचं नाव यायचं. पुकारणारा क्षणभर थबकला आणि त्याने पुढचं नाव घेतलं.

लक्ष्या माणसांच्या रांगेत भुईवर बसला होता, गुडघे धरून. आपली जागा तरी त्याच्याशेजारी आहे, असं वाटून भिका तिथे गेला आणि कोट सावरून खाली बसायला वाकला. लक्ष्याने वर पाहिलं. गडबडीने उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी उठू दिलं नाही, तेव्हा बसल्या बसल्याच त्याने मांडवाकडे हात केला. तिथे पाटलाने पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. आठल्ये, खांबेटे तिथेच बसले होते.

"भुईवर नगा बसू, मास्तर," तो आपल्या मुलाला म्हणाला. "तुमची खुर्ची तिथं हाय."