फळीवरच्या दोन मोकळ्या जागा

मेलितोन कात्री घेऊन अंगणात आला की कोंबड्या पळत सुटायच्या. त्याला बिचाऱ्याला कुंचल्यासाठी एकदोन पिसं तेवढी हवी असायची. एरवी तो बटाटे लावणारा, मेंढ्यांमागे फिरणारा साधा माणूस. पण गावात कुणी नवं घर बांधायला काढलं की त्याच्या अंगात चित्रकार संचारायचा. त्याची बायको इलारिया म्हणायची, या माणसानं शेतातल्या तणाकडे कधी असं टक लावून बघितलं असतं तर आपण केव्हाच श्रीमंत झालो असतो. असं म्हणायची, आणि रंगासाठी लाल माती मात्र स्वतःच चाळून द्यायची.

या वेळचं घर सेनोबियोचं होतं. सेनोबियोच्या लेकीचं, नेल्दाचं, जावळ मेलितोननं काढलं होतं आणि त्या दिवसापासून दोघे कोम्पाद्रे झाले होते, म्हणजे सख्ख्या भावांहून जवळचे. नव्या घराच्या आढ्याला लावायची फळी कोम्पाद्रेनंच आणायची असते. चांगली माणसाहून उंच फळी. तळाशी देवी, तिच्यावर घरधनी आणि घरधनीण, मग मुलं, भाऊबंद, सोयरे, सगळ्यांच्या वर कोम्पाद्रे आणि त्याची बायको, आणि टोकाला सूर्य. घर आहे तोवर ही माणसं तिथे नांदणार. त्यामुळे ज्याचं चित्र राहून जातं तो जन्मभर रुसतो.

पण सेनोबियो आधीच येऊन सांगून गेला होता. कोकाची पानं चघळत, नजर डोंगराकडे लावून म्हणाला, "नेल्दा नको फळीवर. मला मुलगा तेवढा एक आहे असं समज."

नेल्दा कुणाला न विचारता एका बसवाल्याबरोबर राजधानीला, लिमाला निघून गेली होती आणि तिथेच लग्न करून राहिली होती. तेव्हापासून बापानं तिचं नाव टाकलं होतं. तिची आई दिओनिसिया त्या दिवशी नवऱ्याच्या मागे उभी होती.  ती कोऱ्या फळीवरून नुसता हात फिरवून गेली.

त्याला ती पोरगी फार लाडकी होती. जावळ काढताना ती रडली नव्हती, उलट कात्रीच मागत होती. आता तिला वगळायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं. इलारियानं बजावलं, "त्यांनी नको म्हटलेलं काढलंत आणि त्यांनी फळी परत पाठवली, तर तुमचं नातं संपलं. मग बसा एकटे मक्याची चिचा पीत."

मेलितोननं ऐकून घेतलं. घरधनी काढला, त्याचा मुलगा काढला, काका-मावश्या काढल्या. फक्त दोन जागा पांढऱ्याच ठेवल्या आणि त्याबद्दल मूग गिळून बसला.

छपराच्या दिवशी बासरी आणि ढोल वाजवत फळी आली. आढ्यावर चढवण्याआधी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि चिचाचे पेले हातात घेऊन सगळं गोत तिच्यावर तुटून पडलं. मेलितोनच्या हातून सगळी नाकं एकसारखीच उतरत, त्यामुळे आत्या म्हणाली हे नाक तिच्या जावेचं आहे, आणि जाऊ म्हणाली एवढं मोठं आमच्या खानदानात नाही. एका म्हाताऱ्याला चित्रातला आपला कुत्रा आपल्यापेक्षा बरा वाटला. मेलितोन हसत होता, पण त्याची नजर सेनोबियोवरून हलत नव्हती.

सेनोबियो खालून वर बघत गेला आणि सूर्याच्या खाली थबकला.

"कोम्पाद्रे, तुझं आणि इलारियाचं काढायचं राहिलं की."

"राहिलं नाही."

"मग?"

"ज्या पोरीचं जावळ काढून मी तुझा कोम्पाद्रे झालो, ती पोर तुला नाही. मग मी तुझा कोण? कुठल्या नात्यानं फळीवर बसू? खरं तर ही फळी आणायचाही मला हक्क नाही. परत ने म्हणालास तर नेतो."

बासरीवाला वाजवायचा थांबला. सेनोबियोनं त्या वरच्या पांढऱ्या जागेकडे बघितलं, मग मुलाच्या शेजारच्या दुसऱ्या पांढऱ्या जागेकडे. दिओनिसियानं शालीआड तोंड लपवलं. मेलितोनला वाटलं, गेला आपला कोम्पाद्रे.

"अशी भोकं असलेली फळी लावून गावात हसं करून घेऊ का मी?" सेनोबियो शेवटी गुरगुरला. "रंग आणलेत का?"

रंग मेलितोनच्या खिशातच होते. त्यानं फळी आडवी केली, गुडघे टेकले आणि आधी नेल्दाच काढायला घेतली. चेहरा झाला, नेहमीचं नाक झालं. काळा रंग घेऊन तो तिच्या कमरेपर्यंतच्या वेण्या काढणार, तोच सेनोबियो बाजूला उकिडवा बसला.

"वेण्या नकोत. केस कापलेत तिनं. कानापर्यंत."

दिओनिसियानं चमकून मान वर केली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोराच्या फोनमध्ये फोटो आहे तिचा," सेनोबियो जमिनीकडे बघत म्हणाला. "तो फोन ठेवून मेंढ्यांकडे गेला की बघतो मी."

मेलितोननं पिसाचं टोक जिभेवर ओलं केलं आणि केस कानापर्यंतच काढले.