सात नंबरचं बटण

धाकटीने पाचवा आवाज ऐकवला तेव्हा बाबांनी उशीवरून मानसुद्धा उचलली नाही.

"हे कुणाचं इंजिन?" ते म्हणाले. "ठकी अशी नव्हती चालत. ही शाळेतल्या कवायतीसारखी पावलं टाकतेय."

ठकी म्हणजे त्यांचं वाफेचं इंजिन. अकरा वर्षं त्यांनी ते चालवलं आणि घरात आईचं नाव जितक्यांदा घेतलं नसेल तितक्यांदा ठकीचं घेतलं. आता डोळे जवळजवळ गेलेले, छातीत पाणी साठत चाललेलं. "महिना, फार तर दोन," असं डॉक्टर दारात चपला घालताना सांगून गेलेले. आणि म्हाताऱ्याचा हट्ट एकच: जाण्याआधी ठकी एकदा ऐकायची.

हट्ट योग्य घरात आला होता, कारण धाकटीचं पोटच त्यावर चालायचं. मागच्या खोलीत बसून ती हौशी लोकांच्या छोट्या इंजिनांत आवाज बसवायची. नखाएवढी एक पट्टी, तिला डिकोडर म्हणतात. ती इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात मावते, शेजारी साखरेच्या खड्याएवढा स्पीकर. हातातल्या कंट्रोलरवर बटण दाबलं की हुकूम रुळांतून जातो आणि इंजिन भकभकतं, शिट्टी मारतं, वाफ सोडतं. आवाज तयार विकत मिळतात. गिऱ्हाइकं त्यावर खूश होतात. बाबा गिऱ्हाईक नव्हते.

"चार ठोक्यांतला तिसरा लंगडा होता तिचा," ते म्हणाले. "भक्, भक्, फुस्, भक्. कोसभर अंतरावरून ओळखू यायची. तो आवाज एकाच ठिकाणी आहे. त्याच्या कॅसेटवर."

स्वयंपाकघरात आईचा हात थांबला. भांड्यांचा आवाज बंद झाला, मग पुन्हा सुरू झाला.

तो म्हणजे दादा. एकतीस वर्षांपूर्वी तो ठकीवर बाबांच्या हाताखाली कोळसा टाकायचा, आणि ठकीवरच गेला. बॉयलरमधलं पाणी कमी झालं, भट्टीच्या आगीवरचं छत पाण्याबाहेर उघडं पडून तापलं आणि फुटलं. सगळी वाफ ड्रायव्हरच्या केबिनमध्ये आली. बाबा त्या क्षणी बाहेर वाकून सिग्नल बघत होते म्हणून वाचले. डावा हात तेवढा कोपरापर्यंत भाजला. चौकशीत बाबांनी सांगितलं की पाणी भरायची यंत्रणा ठणठणीत होती, पोराचं लक्ष नव्हतं. झालं. सगळं खापर बावीस वर्षांच्या मेलेल्या मुलाच्या डोक्यावर फुटलं, आणि मेलेला माणूस काय बोलणार?

तेव्हापासून आईने त्याचा फोटो भिंतीवर लावला नाही. कुणी विषय काढला तर आपणहून म्हणायची, "माझं पोरगं पाणी विसरलं हो." रोज संध्याकाळी ती मलमाची डबी घेऊन नवऱ्याजवळ बसायची आणि त्या आक्रसलेल्या हाताला मलम चोळायची. चोळताना कधी कधी पुटपुटायची, "माझ्या पोरानं केलं हे. मनात ठेवू नका." बाबा डोळे मिटून हात पुढे करायचे. मनात ठेवत नाहीत म्हणून सगळी गल्ली त्यांना देवमाणूस म्हणायची.

कॅसेट आईच्या कपाटात होती, त्याच्या निळ्या शर्टाच्या घडीत. आईने ती धाकटीच्या हातावर ठेवली आणि पाठ फिरवली. वरच्या चिठ्ठीवर दादाचं किरटं अक्षर होतं: चिमणीसाठी, घाट चढताना. चिमणी म्हणजे धाकटीच. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तिने ठकीचा आवाज पाहिजे म्हणून त्याचं डोकं खाल्लं होतं. ही बाजू तिने तेव्हा शंभरदा ऐकली होती. दुसरी कोरी होती. "तीही भरून आणतो," असं तो म्हणाला होता. मग तो गेला, कॅसेट त्याच्या सामानासोबत परत आली आणि कपाटात गेली.

मागच्या खोलीत तिने टेप कॉम्प्युटरला जोडली. पहिल्या बाजूवर लंगडा ठोका अगदी तसाच निघाला. तिने तो चाकाच्या एका फेऱ्याइतका कापला, टोकाला टोक जुळवलं. शिट्टी मिळाली, फावडं मिळालं. फक्त इंजेक्टर राहिला. वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलतो तो इंजेक्टर; इंजिनाला असे दोन असतात, डावा आणि उजवा. चालला की बारीक सुरात गातो. त्याच्याशिवाय इंजिन बाबांनी उंबऱ्याशीसुद्धा उभं केलं नसतं. म्हणून तिने सहज कॅसेट उलटली.

दुसरी बाजू कोरी नव्हती.

आधी गाडी थांबल्याची शांतता. मग इंजेक्टर लागला, पण गाईना. नुसता खाकरत राहिला, पाणी खाली खडीवर पडत असल्याचा आवाज. आणि दादा, इतका जवळून की तिने वळून बघितलं.

"बाबा, आज हाही उचलत नाहीये. डावा तर बंदच आहे. वहीत लिहू या ना."

"लिहिलं की हिला शेडमध्ये अडकवतील आणि मला दुसरं धूड देतील. काही नाही होत. ठोक त्याला हातोडीने. चल, सिग्नल पडला."

चल म्हणणारा आवाज बाबांचा होता. ठणठणीत, तरुण, आणि जरा हसरा.

धाकटीने टेप थांबवली. दुरुस्तीच्या वहीत एक ओळ लिहिली असती तर दादा आज त्रेपन्न वर्षांचा असता, टक्कल पडलं असतं. बाबांनी ही कॅसेट मागितलीच कशी? मग तिच्या लक्षात आलं. इंजिनवर जन्म काढलेल्या माणसाला इंजिन तेवढं ऐकू येतं. टेप माणसांचंही ऐकते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोन दिवस तिने तोंडाला कुलूप लावलं. आईला नुसती टेप ऐकवणं सोपं होतं, पण ते बाबांच्या पाठीमागे झालं असतं आणि ते तिला नको होतं. ते गेल्यावर ऐकवून तर काहीच उपयोग नव्हता. सगळं पुसून टाकणंही सोपं होतं. एका बटणाचं काम. तिने बोट नेलंही. पण दादाचा आवाज पुसायला हात धजेना. शेवटी तिने तो तुकडा जसाच्या तसा डिकोडरमध्ये भरला, इंजेक्टरच्या जागी, सात नंबरच्या बटणावर. सात दाबलं नाही, तर नाही. अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण पाण्याशिवाय इंजिन हाकणारा ड्रायव्हर तिने पाहिला नव्हता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पलंगाला टेबल लावलं, त्यावर रूळ, रुळावर ठकी. बाबांना उशांवर बसवलं आणि कंट्रोलर उजव्या हातात दिला. बोटांनी बटणं मोजत त्यांनी इंजिन सुरू केलं.

भक्, भक्, फुस्, भक्.

म्हातारा रडायला लागला. नाक वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. "आली," म्हणाले. "आली गं माझी बाई." आई मलमाची डबी घेऊन दारात आली होती; तिथेच थांबली.

"शिट्टी?"

"दोन नंबर."

शिट्टी झाली. बाबा सरळ बसले, तीस वर्षांनी तरुण झाल्यासारखे. "आता पुढे घाट आहे. आधी पाणी. इंजेक्टर कुठंय?"

"सात," धाकटी म्हणाली.

त्यांनी सात दाबलं. इंजेक्टर खाकरला. बाबांच्या कपाळाला आठी पडली. "हा तर उचलत ना..." इतकं त्यांच्या तोंडून निघालं, आणि साखरेच्या खड्याएवढ्या स्पीकरमधून दादा बोलला.

"बाबा, आज हाही उचलत नाहीये."

सगळं झालं. वही, शेड, धूड, हातोडी, चल. आणि बटण पुन्हा दाबेपर्यंत डिकोडर थांबत नाही, तेच पुन्हा पहिल्यापासून गातो. बाबांचं बोट बटणं चाचपत होतं, सात सोडून सगळी सापडत होती. शिट्टी वाजली. फावडं वाजलं. "बंद कर," ते म्हणाले. "अगं, बंद कर ते."

धाकटीने हात मांडीवरच ठेवले.

तिसऱ्या वेळेला आई आत आली. नवऱ्याकडे तिने एकदाच बघितलं. "मी तुमची माफी मागत होते," ती म्हणाली. "रोज."

बाबांनी नेहमीच्या सवयीने डावा हात पुढे केला. आईने डबीचं झाकण काढलं आणि डबी टेबलावर, त्यांच्या त्या हाताशी ठेवली.

"आजपासून तुम्हीच लावा."

मग ती गुडघे धरत खाली बसली आणि कोळशाच्या चिमुकल्या डब्याला कान लावला.

"किती बारीक आवाज होता गं माझ्या पोराचा," ती धाकटीला म्हणाली. "राहू दे चालू."