बुक्क्याच्या वेळी

नातीच्या दम्याच्या पंपाचं निळं टोपण चिपळ्यांना घासून पांढरट पडलं होतं. कीर्तनकार भैय्याजींनी ते अंगठ्यानं पुसून पाहिलं, पण ते काही जाईना. चिपळ्या, उपरणं आणि हा पंप... देवाच्या सामानात दवाखाना शिरला म्हणून सुरुवातीला हात मागे यायचा. आता सवय झाली होती. सवय झाली म्हणजे पटलं का — हे मात्र त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

“चिपळ्या बऱ्या ध्यानात राह्यते तुमच्या,” सून मोहिनी दारातून म्हणाली. “पंपच विसरता.”

“ठेवला ना वं बाई.”

“आन धूप?”

“देवळातल्या बबनरावले सांगतलं. आज धूप नाई, उदबत्तीबी नाई.”

“मी दाराजवळच बसतो, मामाजी. जयाले जराशी धाप लागली, त कीर्तनबी बंद अन् बुधवारचं गाणंबी बंद.”

ती बोलली ते खोटं नव्हतं. मागच्या कीर्तनात, मधल्या नामाच्या वेळी, जयाचा दम अडकला होता — आठ वर्षांची पोर, खांदे वर ओढलेले, छातीत शीळ... आणि मोहिनी ओरडली होती, गाण्यानंच झालं. पण गाण्यानं कसं होईल? दर बुधवारी वर्ध्याच्या दवाखान्यात पौर्णिमा मॅडम दम्याची लेकरं गोल बसवून गायलाच तर लावत — लांब ‘आ’, मग बासरीत हलकी फुंकर, मग पोटातून सावकाश श्वास. “हे औषधाच्या जोडीला, आबाजी. औषधाच्या जागी नाही,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तेव्हा भैय्याजी मनात हसले होते — नामाची ताकद या बाईला काय ठाऊक! पुढे जयाचा ‘आ’ लांबत गेला, रात्रीचा खोकला उतरला, आणि त्यांनी सगळं श्रेय विठ्ठलाच्या पदरात टाकलं. पंपाला त्यातलं कणभरही दिलं नाही.

मग ज्यानं सांभाळायचं, त्याच्याच नामात लेकराचा दम का अडकावा? महिनाभर हा प्रश्न त्यांच्या पोटात बसून होता. कुणाला विचारावा, तर सगळे उत्तर ऐकायला त्यांच्याकडेच यायचे.

अल्लीपूरचं देऊळ संध्याकाळी भरलं. पूर्वरंग रंगला. बाया डोळे पुसत होत्या, तबला लयीत आला होता, आणि भैय्याजी बोलत असतानाही डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराजवळची मोहिनी पाहत होते. निरूपण संपलं. आता रिवाजाप्रमाणे बुवांना हार, बुक्का. मग साथीदारांना, मग सगळ्या सभेला. आणि तोवर नाम.

“आबाजी, घेऊ?”

“घे माय. घाई नको करजो.”

जयानं नाम धरलं. स्वच्छ. पोटातून. सभा मागे म्हणू लागली. मोहिनीचा खांदा जरा सैल झालेला त्यांनी पाहिला.

बबनराव ताटली घेऊन आले. त्यांनी चिमूट उचलली, आणि दिव्याच्या उजेडात काळी, सुगंधी, अगदी बारीक भुकटी वर उठली... तरंगत राहिली...

मागच्या वेळी तिला बुक्का मीच लावला होता. लाडानं. दोनदा. सांडलेला तिच्या नाकावरून फुंकला होता — मीच.

त्यानंतर मॅडमनी सगळं विचारलं होतं. धूर? पावडर? कापसाची धूळ? भैय्याजींनी प्रत्येकाचं उत्तर खरं दिलं होतं. बुक्क्याचं त्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. देवाच्या प्रसादाला धुळीत कोण धरतो?

“महाराज, कपाळ,” बबनराव हळूच म्हणाले.

आपण कपाळ पुढे केलं की ताटली पुढे सरकणार, आणि पुढे जया उभी. नाही म्हणायचं, तर पंढरीनाथाच्या बुक्क्याला भर सभेत नाही म्हणायचं. जन्मभर या घटकेला मान आपोआप वाकत आली होती. आज ती वाकेना. आणि तोंडातून नकारही फुटेना.

जयानं नाम सोडलं. दोन नामांच्या मध्ये एक लहानसा आवाज झाला — आत येणाऱ्या वाऱ्याचा. इतकी वर्षं ते फक्त सुराची जागा ऐकत आले होते. नामाच्या आधी हे असं काही आत येतं, तेव्हा नाम उभं राहतं, हे त्यांच्या कानानं कधी धरलंच नव्हतं. विठ्ठल तिथंही असेल का... आधी तिथंच असेल का?

बबनरावांचा काळा अंगठा कपाळासमोर थांबला होता. भैय्याजी पुढच्या श्वासाकडे कान लावून उभे होते.